चालत्याला ढकलू नये

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबुजताई म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त दवाखान्याच्या केसपेपरवर, आणि तिथे कुणी ते पुकारलं की तिला स्वतःलाच ओ द्यायला वेळ लागे. नवरा शेजारून कोपर मारायचा, तेव्हा कुठे बाई उठायच्या.

ती प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या कडेला, काळ्या पडद्याआड, विंगेत एका तिपाईवर बसायचं आणि नट ओळ विसरला की ती त्याच्या कानात टाकायची, एवढंच काम. ऐकणाऱ्याला वाटतं, हातात संहिता आहे, बघून वाचायचं, त्यात काय मोठंसं. अशा लोकांना एकदा त्या तिपाईवर बसवायला हवं. कुजबुजताई प्रयोगात संहिता उघडतच नसे. ती मांडीवर मिटून ठेवलेली असायची, नुसती सोबतीला. डोळे नटाच्या तोंडावर आणि त्याहून जास्त त्याच्या पायांवर. आणि आवाज असा की त्याला आवाज म्हणावं का हाच प्रश्न. घशाचा त्यात काही संबंध नव्हता. सगळा कारभार श्वासाचा. तो शब्द नटाच्या कानापर्यंत बरोबर पोचायचा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला मात्र पंख्याची हवा लागल्यासारखंही वाटायचं नाही.

हे तिला वडिलांकडून आलं. तेही प्रॉम्प्टरच. कुणाला बापाकडून घर मिळतं, कुणाला दुकान, हिला श्वास मिळाला. आणि श्वासाबरोबर एक नियम: चालत्याला ढकलू नये आणि पडत्याला पडू देऊ नये. नट थांबला म्हणजे अडकलाच असं नाही. कधी तो मुद्दाम थांबतो, प्रेक्षकांना ताणतो. तेव्हा शब्द दिलास तर तू त्याचा अपमान केलास, असं वडील म्हणत. आणि खरोखर अडकल्यावर दिला नाहीस, तर तू त्याला मारलंस. या दोन थांबण्यांतला फरक ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि तो फरक लेकीला शिकवण्यात म्हातारपण.

तिचा नवरा कंपनीचा दिवेवाला. दिव्यांचा बोर्ड समोरच्या विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला हा. मधे राजे मरायचे, राण्या रडायच्या, फितुरी व्हायची, आणि हे दोघे पलीकडून एकमेकांकडे बघत बसायचे. लग्न अशानेच जमलं. आवाज इतक्या लांब येत नसे, म्हणून तो तिचे ओठ वाचायला शिकला. नाटकातल्या ओळींच्या मधेच ती ‘भूक लागली’ असंही म्हणून जायची आणि याला अंधारात हसू दाबावं लागायचं.

लग्नाआधी तिच्या वडिलांनी त्याला समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं की पोरीला आकडी येते. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतला तो माणूस नव्हता. घरात त्या आकडीला ‘मध्यंतर’ म्हणत. ती पडायची नाही, हातपाय झाडायची नाही. आधी तिला कापड जळाल्याचा वास यायचा, जो आणखी कुणाला येत नसे. मग ती डावा हात जरासा उचलायची, आणि मग ती तिथे नसायचीच. डोळे उघडे, बोटं ओढणीचा काठ चिमटत बसलेली, आणि ओठ सारखे हलत असलेले, जणू काही पुटपुटतेय. थोड्या वेळाने परत यायची. परत आल्यावर काय झालं हे विचारायचं नाही, असं वडिलांनी जावयाला बजावलं होतं. ती कुठे नव्हती ते तिला माहीत असतं. कुठे जोडून घ्यायचं, तेवढंच सांगायचं. तेव्हापासून दिवेवाला तिला तेवढंच सांगत आला. भाजी चिरली गेली आहे, फोडणी राहिली आहे. किंवा, दुसरा अंक, राणी आत गेली.

कंपनीत हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. येणार कसं? प्रॉम्प्टरचे ओठ हलणारच.

मग मध्यंतरं वाढली. गोळ्या बदलल्या, पुन्हा बदलल्या, त्यांनी झोप तेवढी वाढली. आणि एका प्रयोगात व्हायचं ते झालं.

कंपनीचे मुख्य नट इतके राजे वठवून बसले होते की भाजीवालासुद्धा त्यांना महाराज म्हणायचा. नाटकाच्या शेवटाकडे जखमी राजाचं एक लांब भाषण होतं, मुलाला उद्देशून. अर्ध्यात महाराज अडकले. पाय मागे आला, मान सहज वळवल्यासारखी विंगेकडे वळली. कुजबुजताई समोरच होती, ओठ हलत होते, पण शब्द येईना. महाराजांना वाटलं ही फारच हळू बोलतेय. ते एक पाऊल तिच्याकडे सरकले, मग आणखी एक. पलीकडून दिवेवाल्याला ते ओठ दिसत होते आणि त्या ओठांत काहीच लिहिलेलं नव्हतं. शेवटी महाराजांनी जीव वाचवायला भलत्याच नाटकातल्या भलत्याच राजाचं भाषण ठोकून दिलं, ज्यात त्या मुलाला देशोधडीला लावायचा हुकूम होता. मुलाचं काम करणारा नट आ वासून बघत राहिला आणि भरलं नाट्यगृह नको तिथे हसलं.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याने ताईला विश्रांती घ्या म्हटलं, बरं वाटलं की बघू म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाही असा एक छोटा स्क्रीन बसवायला माणूस बोलावला. आतला एक जण बटण दाबत राहील आणि ओळी सरकतील. कानामागून आली आणि तिखट झाली, असं दिवेवाला त्या स्क्रीनला म्हणाला. कुजबुजताईची तिपाई कुणीतरी रंगाचे डबे ठेवायला घेतली होती, ते तिने पाहिलं होतं.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना नीट समजावलं. गोळ्यांना हा आजार दाद देत नाही. मेंदूत एका ठिकाणाहून आकडी सुरू होत असणार. कवटीला बारीक भोकं पाडून केसासारख्या तारा आत सोडायच्या, काही दिवस इथेच राहायचं, आणि आकडी येईल तेव्हा ती नेमकी कुठून उठते ते तारांवर पकडायचं. जागा सापडली तर तेवढा भाग काढता येतो. पण ती जागा डाव्या कानाच्या आतल्या अंगाला असेल असा संशय होता, आणि शब्द लक्षात ठेवण्याचं पुष्कळसं काम त्याच भागात चालतं.

कुजबुजताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आकडीही गेली आणि ओळीही गेल्या, तर मी विंगेत बसून काय करू? पंखा घालू?”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तेच आधी तपासायचं आहे.

तारा बसवल्या. डोक्याला हे एवढं मोठं बँडेज, त्यातून वायरींचा शेपटा निघून भिंतीतल्या यंत्राकडे गेलेला. महाराज भेटायला आले आणि म्हणाले, इतकी वर्षं मुकुट मी घालतोय, पण असा कंपनीने मला कधी दिला नाही. ती हसली, आणि हसताना टाके ओढतात म्हणून महाराजांवरच चिडली.

इस्पितळात एक संशोधक मुलगी होती, जाड भिंगांची, म्हणून कुजबुजताई तिला चष्मेवाली म्हणायची. तारा डोक्यात आहेतच, तर त्यांतून स्मरणशक्तीचा अभ्यासही करू द्याल का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं तरी उपचारांत काही फरक पडणार नाही, हेही सांगितलं. अभ्यास असा होता: पडद्यावर एकामागून एक शब्द येणार. फणी, विहीर, ढग, कात्री, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग ते डोक्यात घोळवता येऊ नयेत म्हणून थोडी बेरीज-वजाबाकी करायला लावणार. मग आठवतील तेवढे शब्द बोलायचे, आणि ते ध्वनिमुद्रित होणार. मधेच कधीतरी तारेतून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडायचा आणि त्याने शब्द जास्त राहतात का ते बघायचं.

शब्द लक्षात ठेवायचे, एवढं ऐकूनच कुजबुजताईने होकार दिला. हा तर आपल्या घरचा खेळ, असं तिला वाटलं.

आणि निकाल आला तो शून्याच्या शेजारचा. मुद्रणात जवळजवळ काहीच नव्हतं. शांतता, खुर्चीची करकर, पुन्हा शांतता. दाखल होण्याआधीच्या लेखी तपासणीत तिची स्मरणशक्ती उत्तम निघाली होती, त्यामुळे डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. त्यांनी दोघांना बोलावलं. आकडी त्याच जागेवरून उठते हे तोवर तारांवर पक्कं झालं होतं. आता या निकालावरून, त्या भागाने शब्द धरून ठेवायचं कामच सोडलं असावं, असं दिसत होतं. तसं असेल तर तो काढून टाकण्यात गमावण्यासारखं फारसं उरत नाही. पुन्हा एकदा तपासू, पण मनाची तयारी ठेवा, असं त्या म्हणाल्या.

कुजबुजताईचा चेहरा पांढराफटक पडला. मी तर सगळे सांगितले, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सांगितले म्हणतेय आणि यंत्रात नाहीत, म्हणजे सांगितल्याचा नुसता भास झाला, म्हणजे डोकं खरंच गेलं, असा तिने स्वतःच्या मनाशी हिशोब केला. दिवेवाल्याने तिला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात चष्मेवाली चाचरत म्हणाली की मला एक कळत नाहीये. चाचणीचं चित्रीकरण होतं. त्यात शब्द सांगायची वेळ आली की ताईंचे ओठ हलताना दिसतात. आकडीतही त्यांचे ओठ असेच हलतात, म्हणून मला आधी वाटलं की तेव्हा आकडी आली असेल. पण तारांवर आकडीची खूणच नाही.

दिवेवाल्याने ते चित्रीकरण दाखवायला सांगितलं. पडद्यावर त्याची बायको, डोक्याला बँडेज, समोर बघत होती आणि ओठ हलवत होती. तो जरा पुढे वाकला. मग मोठ्याने वाचू लागला, “विहीर. कात्री. ढग. उंबरठा. फणी...”

चष्मेवालीने आपल्या कागदाशी ताडून बघितलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

“आडात पाणी भरपूर आहे,” दिवेवाला म्हणाला, “तुमच्या पोहऱ्यालाच भोक आहे. अहो, ती बोललीये. कामावर बोलते तशी बोललीये.”

मग सगळा उलगडा झाला. चाचणीच्या वेळी चष्मेवाली तिच्या समोरच बसायची, पेन्सिल उचलून, तोंड किंचित उघडं ठेवून, वाट बघत. समोर माणूस असा ताटकळलेला दिसला की आपला आवाज आपोआप खाली बसतो, हे कुजबुजताईला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिच्या हिशोबाने ती पोरगी ओळ विसरली होती आणि ती तिला वाचवत होती. श्वासावर दिलेला शब्द चष्मेवालीला ऐकू आला नाही, कारण त्या शब्दाला कान लावायची सवय नटाला असते, संशोधकाला नाही. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. आणि मग गंभीर होऊन चष्मेवालीला म्हणाल्या की ओठांचं बोलून दाखवलंस ते फार बरं केलंस, पोरी.

दुसऱ्या दिवशीपासून चष्मेवाली पाठमोरी बसू लागली. पाठमोऱ्या माणसाला काय कुजबुजायचं? कुजबुजताई खणखणीत बोलली, आणि शब्द असे बाहेर पडले की चष्मेवालीची पेन्सिल मागे राहिली. मग डॉक्टरीणबाईंनी त्याच जागेवर, तो भाग तेवढ्यापुरता बंद पडेल इतका प्रवाह सोडून फणीचं चित्र दाखवलं. कुजबुजताईला फणी दिसत होती, हाताने केस विंचरून दाखवता येत होतं, पण शब्द येईना. प्रवाह थांबला आणि ‘फणी’ म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शब्द तिथेच राहत होते. आकडीच्या दाराला दार लावून. तो भाग काढायचा नाही, असं त्याच दिवशी ठरलं.

त्याऐवजी कवटीत एक लहानसं यंत्र बसवायचं ठरलं. ते आतल्या लहरींवर सतत नजर ठेवणार, आणि आकडी सुरू होतेय असं दिसलं की तेवढ्यापुरता बारीक प्रवाह सोडून तिला तिथेच मोडणार. एरवी गप्प. आकडी पूर्ण जाईल असं वचन नाही, कमी होतील, आणि यंत्राला तिची ओळख व्हायला महिने लागतील, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून टाकलं.

अभ्यास मात्र पुढे चालू राहिला. प्रवाह कधी सोडला ते मला बरोबर कळतं, असं कुजबुजताई छातीठोकपणे सांगायची आणि दर दुसऱ्या वेळी चुकायची. पण एक दिवस तिने विचारलं की तुझं यंत्र प्रवाह सोडायची वेळ ठरवतं कशावरून. चष्मेवालीने सांगितलं, शब्द पडद्यावर येतो तेव्हा लहरींवरून थोडा अंदाज येतो, की हा राहणार की निसटणार. निसटणार असं वाटलं तरच सोडायचा. आणि राहणार असेल तेव्हा सोडला तर? तर उलट बिघडतं, चष्मेवाली म्हणाली. मदत म्हणून दिलेलंच आड येतं, निदान आत्तापर्यंत तरी असंच दिसतंय.

कुजबुजताई म्हणाली, “आमचे बाबा म्हणायचे, चालत्याला ढकलू नये.”

चष्मेवालीने ते एका चिकटकागदावर लिहून घेतलं आणि यंत्राच्या कडेला लावलं. वडील कधीच गेले होते. कुठल्या जाहिरातीत त्यांचं नाव आलं नव्हतं, कुठल्या प्रेक्षकाने त्यांना पाहिलं नव्हतं. आणि आता त्यांचं वाक्य एवढ्या मोठ्या इस्पितळात, एवढ्या शिकलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोर चिकटलेलं. त्या कागदाकडे बघून ती पोटभर रडली, आणि दिवेवाल्याला सांगितलं की टाके ओढतात म्हणून रडतेय.

यंत्र बसलं. जमत जमत मध्यंतरं विरळ झाली. कापड जळाल्याचा वास अधूनमधून यायचा, डावा हात उचलला जायचा, आणि पुष्कळदा तिथेच सगळं विरून जायचं. तिने मालकाला निरोप पाठवला. मालक म्हणाला, एक दुपारचा प्रयोग करून बघू. स्क्रीन बंद ठेवतो. जमलं तर तिपाई तुमची, नाही तर ताई, रागावू नका.

नाटक तेच. दिवेवाल्याने स्वतः रंगाचे डबे हलवून तिपाई पुसून ठेवली. पहिला अंक सुरळीत पार पडला. तिने एकदा राणीला शब्द दिला, एकदा दूताला, आणि कुणालाही पत्ता लागला नाही. मग शेवटचं भाषण आलं. महाराज मुलाकडे वळले, बोलू लागले, आणि मागे जिथे अडकले होते नेमक्या तिथेच थांबले.

त्यांची मान विंगेकडे वळली.

दिवेवाल्याने पलीकडे पाहिलं. कुजबुजताई महाराजांकडे बघत होती. बघत होती आणि शब्द देत नव्हती. नाट्यगृहात कुणीतरी खोकलं. महाराज तसेच उभे, वाट बघत. मालक मागच्या दारात उभा होता, मान उंचावून विंगेकडे बघत. आणि मग दिवेवाल्याला दिसलं की तिचे ओठ मिटलेले आहेत. घट्ट मिटलेले. मध्यंतरात ते कधी मिटत नाहीत. म्हणजे ती तिथेच होती, पुरती तिथे, आणि जाणूनबुजून गप्प होती.

महाराजांनी वाट बघितली, मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघून किंचित मान झुकवली आणि पुढची ओळ स्वतःच म्हटली. त्या थांबण्याने ती ओळ अशी काही लागली की पहिल्या रांगेतल्या बाईने पदर डोळ्यांना लावला. आणि भाषणाच्या शेवटी, टाळ्यांच्या धक्क्याने असेल, महाराज खरोखरच अडकले. पाय मागे आला. तो टेकायच्या आत शब्द त्यांच्या कानात होता.

पडदा पडल्यावर महाराज मालकाकडे गेले. पहिलं थांबणं मालकानेच सांगून करवून घेतलं होतं, ताईंची परीक्षा म्हणून. ते महाराजांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. “तुमच्या स्क्रीनने ओळ दाखवली असती,” ते म्हणाले. “मी न अडकताच दाखवली असती. हिने नाही दिली. मालक, तो डबा काढून टाका.”

मालकाने होकाराची मान हलवली. पण त्याच्या चेहऱ्यावरचा राग काही जाईना. तो विंगेकडे वळला आणि दिवेवाल्यालाच फैलावर घेतलं. राजाच्या मरणाच्या वेळी संध्याकाळ व्हायची असते, दिवे हळूहळू उतरायचे असतात. इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. आज राजा भर दुपारच्या लख्ख उजेडात मेला, कारण दिवेवाल्याचा हात बोर्डावर होता आणि डोळे दुसऱ्या विंगेत. अभिमानाने त्याचा ऊर इतका भरून आला होता की नाटकात सूर्य मावळतो हेच तो विसरला.

कुजबुजताई तिपाईवरून उठली, मिटलेली संहिता काखेत मारली, आणि रिकाम्या रंगमंचावरून चालत त्याच्याजवळ आली. त्याने विचारलं, तुला कसं कळलं ते अडकले नाहीत म्हणून. ती म्हणाली की पाय पुढेच होता.

मग ती त्याच्या कानाशी वाकली आणि घशाचा संबंधही न येऊ देता, नुसत्या श्वासावर म्हणाली, “तिसरा अंक. राजा पडला. दिवे उतरवा.”

त्याने दिवे उतरवले.